एकशेवीसवाला फोन

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. धारच्या मराठी शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. मग आई आजारी पडली आणि घरात चूल सांभाळायला कुणीतरी हवं होतं. त्यानंतर मराठी माझ्या बोलण्यातच राहिली. वाचायचं ते सगळं हिंदीत, म्हणजे दुकानांच्या पाट्या, औषधाच्या पुड्या, विजेचं बिल. हे कुणी वाचणार नाही हे मला माहीत आहे. तरी माफी मागितली. समोर कुणी नसलं तरी माझ्या तोंडून आधी तेच येतं.

लिहायचं आहे ते फोनाबद्दल, आणि तो घेण्यासाठी वहिनींकडून आणलेल्या सोळा हजारांबद्दल. ते पैसे फिटेपर्यंत मी माहेरी मान वर करून बसू शकले नाही. धारला दादा आहे, पण माझं असं वहिनींखेरीज कुणी नाही, आणि देवासला तर कुणीच नाही. म्हणून ते पैसे मला फार मोठे वाटत होते.

मी देवासला दोन खोल्यांत राहते. साड्यांना फॉल लावते, पिको करते. हे पीथमपूरला गाड्यांच्या सामानाच्या कारखान्यात आहेत. तिथेच चौघांत एक खोली घेऊन राहतात, कारण पाळीची बस पहाटे निघते आणि देवासहून रोज जाणं होत नाही. शनिवारी संध्याकाळी येतात, रविवारी जेवून जातात. मूलबाळ झालं नाही. हे बोलायला कमी. मीही कमी. शनिवारी मी विचारते, "कसं चाललंय?" हे म्हणतात, "चाललंय." मग आम्ही जेवतो.

बाकीचे दिवस गिऱ्हाईक येतं तेवढंच बोलणं. "भाभी, कब तक हो जाएगी?" "परसों." असे पुष्कळ दिवस गेले की सकाळपासून दुपारपर्यंत माझा आवाज मी ऐकलेलाच नसायचा. एकदा दूधवाल्याला हाक मारायला गेले तर घशातून नीट शब्दच निघेना. तो म्हणाला, "तबियत खराब है क्या?" मी मान हलवली आणि पातेलं पुढे केलं.

खेळ लागला तो चुकून. ह्यांनी नवा फोन घेतला तेव्हा जुना मला दिला. त्यावर मी पिकोच्या नव्या डिझाइनचे व्हिडिओ बघत असे. मध्येच जाहिरात आली, तिच्यावर बोट पडलं आणि फोनात एक घाट उघडला. डोंगर, वळणं, खाली दरी, आणि एक लाल जीप माझ्या बोटाची वाट बघत उभी. जाहिरात बंद कशी करतात ते मला येत नव्हतं, म्हणून मी जीप चालवली. पहिल्याच वळणाला ती दरीत गेली. मी एकटीच मोठ्याने हसले. स्वतःचं हसणं ऐकून जरा दचकलेसुद्धा.

ह्या खेळात दोघांची जोडी असते. मागून एक माल भरलेला ट्रक येतो, तो दुसरा माणूस चालवतो. तो कुठलाही असू शकतो, फोनच जोडी लावून देतो. जीपवाल्याने पुढे राहून रस्ता मोकळा करायचा, दगड दिसला, गाय दिसली, की हॉर्न देऊन ट्रकवाल्याला सांगायचं. जीप आपटली तर मागचा ट्रक अडकतो आणि दोघंही हरतात. बोलायचं असेल तर बोलता येतं, त्याचं एक बटण असतं. ते मी कधी दाबलं नाही. खेळात एक अंगठा असतो, तो दाखवला की झालं.

नाव लिहा म्हणून फोन सांगत होता. मला लिहिता येईना, तेव्हा त्यानेच इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून काहीतरी दिलं. त्यामुळे मी बाई की पुरुष, म्हातारी की पोर, हे कुणाला कळत नव्हतं. मला ते फार बरं वाटलं.

माझ्या जोडीला एकदा राजगढचे एक काका आले. आयुष्यभर खरा ट्रक चालवलेले. गुडघे गेले तेव्हा मुलांनी गाडी विकली आणि त्यांना घरी बसवलं. हे सगळं त्यांनीच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. त्यांचं बोलायचं बटण सदा चालू. पहिल्याच दिवशी म्हणाले, "भिया, गाडी अच्छी हाँकता है, पर असली घाट में कोई ऐसे ब्रेक मारता है क्या? माल पलटी हो जाए!" मी अंगठा दाखवला. ते म्हणाले, "अंगूठा मत दिखा, ब्रेक पे पाँव रख."

त्यांनी मला दोस्त करून घेतलं. त्यानंतर रोज दुपारी, जेवणं आटोपली की ते यायचे. मी साडी बाजूला ठेवून फोन भिंतीला टेकवायची. ते खेळायचे आणि बोलायचे. सूनबाईने आज भेंडी जाळली. गुजरातेत एका ढाब्यावर त्यांनी पैज लावून किती दाल-बाटी खाल्ली होती. आपली गाडी ज्याला विकली तो तिला धूत नाही, बाजारात दिसली तर डोळे भरून आले. "भिया, तू बोलता क्यों नहीं? गूँगा है? चल, कोई बात नहीं, मेरी घरवाली कहती है मेरे साथ गूँगा ही टिकेगा."

मी अंगठा दाखवायची. दिवसभरात माझ्याशी कुणी इतकं बोलत नव्हतं.

पण माझ्यामुळे ते हरत होते. जीप वळणावर नेली की फोनातला रस्ता अडखळायचा. दगड आधी लांब दिसायचा आणि मग एकदम नाकासमोर, मधला दगड कुठेच नाही. मी बोट फिरवायची तोवर आपटलेली असायची. मला वाटायचं, माझा हात मंद आहे. सुईच्या टोकावर नजर ठेवून इतकी वर्षं काम केलेलं, म्हणून डोळेही तपासून घेतले. काका रागावत नसत, पण एकदा म्हणाले, "भिया, तू नहीं, तेरा फोन हकलाता है. साठवाला होगा. मेरे भतीजे ने मुझे एक सौ बीस वाला दिलाया, रास्ता तेल जैसा चलता है. तू भी ले ले, नहीं तो अपन दोनों जिंदगी भर पहले घाट में ही मरेंगे."

साठवाला म्हणजे काय ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी धागे आणायला बाजारात गेले तेव्हा मोबाइलच्या दुकानात शिरले. तिथवर गेले, परत फिरले, मग पुन्हा गेले. दुकानातला माणूस सज्जन होता. त्याने दोन फोन शेजारी ठेवले आणि दोन्हींवर एकच यादी बोटाने वर सरकवली. एकावर अक्षरं फाटल्यासारखी पळाली. दुसऱ्यावर पळतानासुद्धा वाचता येत होती. तो म्हणाला, "आंटी, चित्र हलता नहीं है, बदलता है. इसमें एक सेकंड में साठ बार बदलता है, इसमें एक सौ बीस बार."

हे मात्र मला लगेच समजलं. फॉल लावताना टाके लांब लांब घातले की कापड मधल्या जागेत सुटतं, चुणी पडते. टाके जवळ घातले की कापड आणि फॉल एक होतात, टाका दिसतच नाही. माझ्या जुन्या फोनात टाके लांब होते. दगड त्या सुटलेल्या जागेतून येत होता.

फोन सोळा हजारांचा होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी धारला गेले. देवासहून इंदूर, तिथून धारची बस. सगळ्या वाटेत मी मनात वाक्य घोटत होते. आमच्या घरात मागायची पद्धत नाही. आमचे लोक जुन्या काळी सरकारबरोबर, म्हणजे धारच्या राजांबरोबर, इकडे आले ते तंबू-कनाती शिवायला, आणि दादा अजून सांगतो की आपल्या घराण्याने सरकारकडेसुद्धा हात पसरला नाही. बायका तिळगूळ घेऊन गेल्यावर स्वयंपाकघरात वहिनी आणि मी दोघीच राहिलो. मी सांगून टाकलं. फोन हवा आहे, खेळायला.

वहिनींनी हातातली ताटली खाली ठेवली. "खेळायला?"

"हो."

"म्हणजे पत्ते वगैरे?"

"नाही. जीप चालवायला."

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "वन्सं, लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्हांला बघतेय. चहात साखर कमी असली तरी तुम्ही मागत नाही. आज मागितलंत तर काय, जीप!" मग उठल्या, डाळीच्या मोठ्या डब्याच्या मागे हात घातला आणि नोटांची पुरचुंडी काढली. "घ्या. माझे आहेत. सावकाश द्या."

"माझे आहेत" हे त्यांनी म्हटलं ते मी ऐकलं. पण त्याचा अर्थ त्या वेळी माझ्या डोक्यात शिरला नाही.

ह्यांना शनिवारी सांगितलं. हे फोन उलटासुलटा करून बघत म्हणाले, "बरा आहे. फेडायचे तुझे तू." मी हो म्हटलं.

पहिल्या संध्याकाळी खरंच रस्ता तेलासारखा चालला. मी नुसती जीप इकडून तिकडे नेत राहिले, खेळले नाही. मग फोनाने हिंदीत विचारलं, बॅटरी कमी आहे, बचत करायची का? मी हो दाबलं. आमच्याकडे कुणीही बचत करायची का विचारलं तर उत्तर एकच असतं. आई बाहेरच्या खोलीतला दिवा विझवून मग आतल्या खोलीत लावायची. मीही तशीच.

दुसऱ्या दिवसापासून फोन पुन्हा अडखळायला लागला. जुन्यासारखाच. मी पुसला, बंद करून चालू केला, खिडकीपाशी नेला. दुकानात जायची लाज वाटली, कारण काय बिघडलं ते मला सांगता आलं नसतं. वर बॅटरीच्या चित्रात एक पिवळं पान उमटलं होतं. पान म्हणजे चांगलंच असेल असं मला वाटलं. आणि बिल वाढू नये म्हणून फोन पुरा भरायच्या आधीच मी त्याची पिन काढून घेत असे.

काका म्हणाले, "नया लिया क्या भिया? लगता तो नहीं." मी अंगठा दाखवला आणि मग फोन पालथा ठेवून दिला. वहिनींचे सोळा हजार आणि घाट तोच.

चैत्रगौरीला पहिले चार हजार घेऊन धारला गेले. दादा ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. मला बघून म्हणाला, "आली का ड्रायव्हरीण! मोबाइलवर ट्रक चालवतेस म्हणे. लायसन काढलंस का?"

"ट्रक नाही, जीप," मी म्हटलं.

"बघा! मान खाली घालून उलट उत्तर देते!"

मी आत जाऊन वहिनींच्या हातात पैसे दिले. दादा मागोमाग आला आणि त्याने ते बघितले. त्याचा चेहराच बदलला. "हे काय? लेकीच्या हातचे पैसे ह्या घरात कुणी घेतले नाहीत. बहिणीला दिले ते दिले. परत कर गं ते."

वहिनींनी नोटा मुठीत मिटल्या. निघताना माझी ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ, आणि तांदळात ते चार हजार. बसमध्ये ओटी सोडून बघितली तेव्हा दिसले. मला वाटलं, केवढं मोठं मन आहे ह्यांचं. माझ्याच्याने ते पेलवेना. परत केल्याशिवाय ते पैसे माझे नव्हते, आणि परत करायला गेलं की माझ्याच पदरात येत होते. मग मी धारला फोन करणंही कमी केलं. काय बोलणार? प्रत्येक वाक्याच्या मागे ते पैसे उभे असायचे.

वैशाखात एका दुपारी काका स्वतःवरच हसत होते. "भिया, तीन दिन से मेरा फोन हकला रहा था. भतीजे ने देखा तो बोला, काका, बैटरी बचाने वाला चालू है, इसमें वो एक सौ बीस को साठ कर देता है. मैंने कहा, अरे, बचत में भी नुकसान!"

मी वर बघितलं. पिवळं पान तिथेच होतं. त्यावर बोट ठेवलं, पडदा खाली ओढला, चित्रं शोधत गेले आणि पानावर दाबलं. पान विझलं.

पुढे जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. रस्ता वाहायला लागला. दगड लांबून दिसला, मग थोडा मोठा, मग आणखी मोठा, मधला एकही दगड हरवला नाही. गाय आडवी आली तर तिची शेपटी हलताना दिसली. मी हॉर्न देत गेले आणि काका मागून आले. पहिला घाट, दुसरा घाट. तेवढ्यात फोन तापायला लागला. आमच्याकडे वैशाखात भिंतीसुद्धा तापतात. तापला की तो आपोआप हळू होतो, हेही काकांनीच सांगितलं होतं. मी एका हाताने जीप सांभाळत स्टीलचं ताट ओढलं, उपडं घातलं आणि फोन त्यावर ठेवला. ताट गार होतं. फोन टिकला. आम्ही शेवटचा घाट उतरलो आणि ट्रक गावात शिरला. तिथे बँड वाजला.

काका ओरडत होते, "भिया! भिया! पहुँच गए रे!" आणि मी पहिल्यांदाच ते बोलायचं बटण दाबलं आणि म्हणाले, "हाँ, पहुँच गए."



मग काका म्हणाले, "अरे. बेन हो आप?"

"जी."

"माफ करना बेन. मैं तो... जाने क्या-क्या बोलता रहा."

"नहीं नहीं. अच्छा लगता था," असं मला म्हणायचं होतं. तोंडातून फक्त "नहीं" निघालं.

त्यानंतरही काका आले, पण बेन म्हणून आले. "नमस्ते बेन. चलें बेन?" ब्रेकवरून रागावणं बंद. सूनबाईची भेंडी नाही, ढाबा नाही, घरवालीचं बोलणं नाही. बटण चालू असायचं आणि त्यातून फक्त त्यांच्या घरच्या पंख्याचा आवाज यायचा. ते भले होते, म्हणूनच बोलणं आवरत होते. परक्या बाईशी कसं बोलावं हे त्यांना माहीत होतं आणि ते तसंच बोलत होते. हळूहळू रोजचं एक दिवसाआड झालं. पावसाळा लागला तेव्हा एकदा म्हणाले, "बेन, घुटने का इलाज कराने बेटे के पास जा रहा हूँ. आप अच्छा चलाती हो." मग ते आले नाहीत. यादीत त्यांचा ट्रक अजून आहे, लिंबू-मिरची बांधलेला, पण त्याच्याजवळचा हिरवा ठिपका लागत नाही.

मी दुसऱ्या लोकांबरोबर खेळून बघितलं. ते हरले की निघून जातात, जिंकले तरी निघून जातात. रस्ता सुरेख चालतो. त्या सुरेख रस्त्यावर मी जीप उभी करून ठेवायची आणि दरीकडे बघत बसायची. तिथे ढगही हलतात, एकदम हळू, मध्ये कुठेही न तुटता.

राखीला धारला गेले, कारण राखीला न जाणं म्हणजे भांडणच. ह्या वेळी आठ हजार नेले होते. दादाने बघायच्या आत द्यायचे म्हणून थेट स्वयंपाकघरात गेले. वहिनी पुरण वाटत होत्या. त्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतात, सणाला तर दिवसभर तेच. पुरणयंत्राचा दांडा त्या डाव्या हाताने फिरवत होत्या. उजवा हात पोटाशी धरलेला.

"हाताला काय झालं?"

"खांदा. वर होत नाही."

"मग ते विजेचं मशीन घेणार होतात ना? दिवाळीत म्हणत होतात."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या फोनकडे बघितलं आणि पुन्हा दांडा फिरवायला लागल्या. "होईल हो."

मी तिथेच उभी राहिले. डाळीच्या डब्यामागची पुरचुंडी त्या मशीनसाठी होती. पोळी पोळी करून साठवलेली. आणि दादा माझ्या देखत मोठ्या मनाने सोडून देत होता ते पैसे त्याचे नव्हतेच.

मी आठ हजार काढले. वहिनींनी पुरणाचा हात पुसला आणि पुढे केला. आणि त्याच वेळी दादा राखीचं ताट कुठे आहे विचारत आत आला. "पुन्हा तेच? अगं, राखीच्या दिवशी बहीण पैसे देते का? उलटी गंगा! ठेव ते आत." वहिनींचा हात मागे गेला. मला तो हात दिसला. दादाला दिसला नाही.

"दादा," मी म्हटलं, "ते वहिनींचे..."

"घरात वहिनीचं आणि माझं वेगळं असतं का? चल, राखी बांध."

नोटा डाळीच्या डब्यावर ठेवून मी राखी बांधली. त्याने वर मला पाचशे दिले. मला भांडता येत नाही. परत येताना इंदूरच्या स्टँडवर बसची वाट बघताना मी रडले, तेही पदर तोंडाशी धरून, कुणी विचारू नये म्हणून. ओटीत या वेळीही, दादाच्या शब्दाखातर, त्या नोटा होत्या. त्या ठेवताना वहिनींच्या हातावर पुरण होतं, एका नोटेच्या कोपऱ्याला पिवळं लागलं होतं.

मोबाइलच्या दुकानात जाऊन फोन विकला तर किती येतील ते विचारलं. निम्मेसुद्धा येत नव्हते. तेव्हा मी खेळ बंद केला आणि दुपारीही साड्या घ्यायला लागले. पुढच्या दोन गल्ल्यांतल्या बायकांना स्वतःहून जाऊन सांगितलं की मी फॉल-पिको करते. दारात उभं राहून आपलं काम आहे म्हणून सांगणं मला ह्या वयात पहिल्यांदा जमलं. गणपतीच्या, नवरात्राच्या साड्या आल्या. ह्यांनी एका शनिवारी ढीग बघून विचारलं, "एवढं?" मी म्हटलं, "वहिनींचे." हे दिव्याखाली बसले आणि मला सुयांत दोरे ओवून देत राहिले. ती संध्याकाळ मला बरी गेली.

सोळा हजार जमले, पण द्यायचे कसे ते कळेना. धारला नेले की ते माझ्याच ओटीत परत येणार. फोनवरून पाठवावे तर वहिनींचं खातं दादाच्या फोनाला जोडलेलं.

नवरात्रात अष्टमीच्या आदल्या दिवशी दारावर थाप पडली. वहिनी उभ्या होत्या, एकट्या, हातात पिशवी. त्या एकट्या धारबाहेर कधी निघालेल्या मला माहीत नव्हत्या.

"इथल्या टेकडीवर देवीला आले," त्या म्हणाल्या. "तुमच्या दादांना म्हटलं, नवस आहे."

"कसला नवस?"

"आधी पाणी द्या, वन्सं. बसमध्ये एका बाईने माझ्या पायावर गव्हाचं पोतं ठेवलं इंदूरपर्यंत."

पाणी प्यायल्या. खोलीभर नजर फिरवली. मग म्हणाल्या, "ती जीप दाखवा बघू."

मी खेळ उघडला. त्यांनी डाव्या हातात फोन धरला आणि घाटातला रस्ता पळताना बघत राहिल्या. जीप दरीत गेली. "अगं बाई! गेली!" पुन्हा चालवली, पुन्हा गेली. "आणि ह्याला सोळा हजार? पण छान वाहतं हो. पाण्यासारखं." तिसऱ्यांदा एक वळण पार झालं तेव्हा त्या मोठ्याने हसल्या, आणि हसता हसता फोन माझ्या मांडीवर ठेवला.

"वन्सं, आता ऐका. धारला तुमचे दादा असतात, तिथे मला बोलता येत नाही. ते थोर मनाचे आहेत, माझ्या पैशांनी. इथे ते नाहीत. काढा माझे पैसे."

मी मांडीवरचा फोन खाली ठेवला.

"रागावलात?"

"नाही," मी म्हटलं. "नाही हो वहिनी." आणि मला इतकं हलकं वाटलं की उठताना माझा पायच अडखळला. नोटा कपाटात साड्यांखाली होत्या. सगळ्या आणून त्यांच्यापुढे ठेवल्या. "नवस तो हाच का?" मी विचारलं.

"दुसरा कुठला? देवीला सांगितलं, माझ्या नणंदेने नाही म्हणू नये आणि नवऱ्याला कळू नये." त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि मोजायला लागल्या. मध्ये चुकल्या, मी मदतीला हात पुढे केला तर झटकला. "थांबा. माझे पैसे मीच मोजणार." पुन्हा पहिल्यापासून मोजले. मी शेजारी बसून त्यांच्या ओठांकडे बघत होते.

बरोबर भरले. त्यांनी नोटा रुमालात गुंडाळल्या, रुमाल परकराच्या खिशात घातला, वरून साडी सारखी केली.

"फिटले," त्या म्हणाल्या. "सगळे फिटले हो, वन्सं."